अप्पांचं निजलेलं कार्ड

आमच्या घरात पैसा निजवायची पद्धत होती. कुठलीही मोठी वस्तू घ्यायची ठरली, की तिचे पैसे आदल्या संध्याकाळी देवघरात बाळकृष्णाच्या पाटाखाली सरकवायचे. रात्रभर ते तिथे निजायचे. सकाळी अंघोळ-पूजा आटोपली की अप्पा पाटाकडे बघत सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारायचे, "घेऊं का नको?" सगळं घर म्हणजे आम्ही तिघंच, अप्पा, आई आणि मी. रात्रीच्या झोपेनंतरही हौस तेवढीच ताजी असेल तर दुकानात जायचं, नाहीतर पैसे मुकाट्याने कपाटात परत.

ही रीत कुणी सुरू केली ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. अप्पा म्हणायचे, त्यांचे पणजोबा तंजावूरच्या राजवाड्यात जमाखर्च बघायचे, त्यांची ही शिकवण. "राज्य कां गेलं? राजांनी पैसा निजवला नाही म्हणून," असा त्यांचा इतिहास होता. मला त्या पणजोबांचा भयंकर राग यायचा. दहावीत असताना मला उंच टाचेच्या चपला हव्या होत्या. पैसे निजले, सकाळी अप्पांनी विचारलं, आणि देवासमोर हात जोडून उभी असलेली मीच बावळटासारखी "नको" म्हणाले. ह्या रीतीची सगळ्यात लबाड गोष्ट हीच होती, नकार आपल्याच तोंडून निघायचा आणि मग चिडायचं तरी कुणावर?

आम्ही तंजावूरचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी तिथे गेलो ते आता मोजत नाही. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी. आमची मराठी ऐकून पुण्यातल्या माझ्या सासूबाई पहिल्यांदा इतक्या हसल्या होत्या की त्यांना ठसका लागला. आम्ही "आहे"ला "अहे" म्हणतो, "सगळं"ला "अस्कं" म्हणतो, विचारायचं असेल तर पुसतो. देवनागरी मी लिहायला शिकले तीसुद्धा लग्नानंतर पुण्यात, भाच्याच्या अंकलिपीवरून. म्हणून हे सगळं इतक्या उशिरा लिहितेय. आई-अप्पा असताना लिहिलं असतं तरी त्यांना वाचता आलं नसतं, ही एक सोयच म्हणायची.

आईला वीणा हवी होती. ह्या सगळ्या हकिकतीत एवढीच एक गोष्ट महत्त्वाची आहे.

तिचं माहेर तिरुवैयारूचं. कावेरीच्या काठच्या त्या गावात मुलगी सहा वर्षांची झाली की तिला गाण्याला किंवा वीणेला बसवायचे. आई वीणेला बसली आणि लग्न होईपर्यंत उठली नाही, असं मामा सांगायचा. लग्नात ती वीणा घेऊनच सासरी आली. पुढे अप्पांची बदली पापनाशमला झाली, तिथून परत तंजावूरला. परत येताना सामानाच्या लॉरीत कुणीतरी वीणेवर जातं ठेवलं. कुणी ठेवलं ह्यावर आमच्याकडे पुढे वीस वर्षं एक अक्षर बोललं गेलं नाही, म्हणजे ते अप्पांनीच ठेवलं असणार. वीणेचं पोट उभं चिरलं. कारागीर म्हणाला, हे सांधून उपयोग नाही, आवाज बसका येईल. आईने तारा तेवढ्या सोडवून घेतल्या, त्यांचं भेंडोळं केलं आणि जुन्या हळदीच्या डब्यात ठेवलं.

तेव्हापासून नव्या वीणेचे पैसे आमच्या पाटाखाली कितीदा तरी निजले. पण वीणेच्या नावाने निजलेला पैसा सकाळी उठायचा तो भलत्याच नावाने. एकदा तिरुवैयारूच्या आजीच्या मोतीबिंदूच्या नावाने उठला, एकदा छताच्या, एकदा माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या. अप्पांनी "घेऊं का नको" विचारलं की आईच म्हणायची, "ह्या वेळीं राहूं दे." आणि ती पोळपाटाच्या कडेवर, ताटाच्या काठावर, कधी माझ्या पाठीवर थोपटताथोपटता डाव्या हाताची बोटं चालवायची. स्वर नाहीत, तारा नाहीत, नुसती बोटं. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्या आया असंच थोपटतात.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला त्या बोटांची पेरं सकाळी आखडायला लागली. फिल्टर कॉफीचा गरम डबरा, म्हणजे वाटीसारखं पितळी भांडं, दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ बसायची. एकदा मला म्हणाली, "दोन-तीन वर्षांत वीणा आली तर बरं अगे. नंतर आली तर पूजेलाच ठेवाला लागेल." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मी आत जाऊन रडले, आणि बाहेर येऊन अप्पांशी दुसऱ्याच कुठल्यातरी कारणावरून भांडले.

अप्पा सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हे वाक्य महाराष्ट्रात कुणीतरी त्यांना न बघताच तयार केलं ह्याचं मला नवल वाटतं. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी ते पाऊण तास हुज्जत घालायचे. पण माणूस वाईट नव्हता. नोटा खिशातून काढताना त्यांचा चेहरा खरंच दुखावल्यासारखा व्हायचा. प्रत्येक नोट अंगठ्याने चाचपून, दोन चिकटल्या नाहीत ना बघून, मग सोडायची. ती नोट पोटच्या पोरीसारखी सासरी चालली आहे असा एकूण प्रकार असायचा.

मग ती वर्षं आली. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या गल्लीत केबलची वायर ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबायला लागली. नव्या बसस्टँडच्या रस्त्याला काचेच्या दाराची, थंड हवेची दुकानं झाली. पूर्वी दुकानदार फळीवर बसून "काय हवं?" विचारायचा, आता इस्त्रीच्या शर्टातली पोरं "या सर, बघा सर" करायला लागली. एक दिवस अप्पांच्या कचेरीत टाय लावलेला एक मुलगा आला. चांगल्या पगाराच्या, निवृत्तीला काही वर्षं असलेल्या सरकारी माणसांना तो क्रेडिट कार्ड देत होता. पहिलं वर्ष फुकट. फुकट हा शब्द ऐकला की अप्पांचा विवेक रजेवर जायचा.

कार्ड टपालाने आलं. निळं, चकचकीत, त्यावर अप्पांचं नाव उठावाच्या अक्षरांत. अप्पांनी ते रीतीप्रमाणे पाटाखाली निजवलं. सकाळी नेहमीसारखं विचारलं, "घेऊं का नको?"

आई म्हणाली, "घरात येऊन बसलं अहे. आतां कां पुसतां?"

पण अप्पांनी त्याच्यावर खूप विचार केला होता. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. वस्तू आज घ्यायची, पैसे जवळजवळ दीड महिन्याने द्यायचे, व्याज नाही. तोवर आपले पैसे बँकेत पडून. "आपण काय करतों? पैसा एक रात्र निजवतों. हे लोक दीड महिना निजवतात. पणजोबांच्यापेक्षां शहाणे अहेत!" त्यांचा चेहरा पणजोबांना भेटून आल्यासारखा उजळला होता.

आई फोडणी करत होती. ती म्हणाली, "पैसा निजेल, पण वस्तू तर उठून घरात येईल ना?"

अप्पांनी ते ऐकलंच नाही. खरं म्हणजे मीही ऐकलं नाही. पाटाखालचा पैसा निजायचा तेव्हा वस्तू दुकानात असायची आणि आपण घरात, मधे आख्खी रात्र. आता वस्तू आधीच हॉलमध्ये मांडलेली, मग सकाळी विचारायचं कुणाला? हे कळायला आम्हा दोघा शिकलेल्यांना वर्ष लागलं.

पहिल्यांदा कार्ड वापरलं तेव्हा मी बरोबर होते. अप्पांना बूट घ्यायचे होते. त्यांनी जन्मात बूट घातले नव्हते, पण कार्ड चालतं का हे बघायचं होतं आणि त्या दुकानात कार्ड घेत होते. गल्ल्यावरच्या माणसाने कार्ड एका लोखंडी साच्यात ठेवलं, वर कार्बनचा कागद ठेवला आणि मूठ धरून खर्रकन इकडून तिकडे ओढली. अप्पांनी सही केली. मुलाने त्यांना खुर्ची दिली, थंड पेय दिलं, दार उघडून धरलं. बाहेर आल्यावर अप्पांनी खिसा चाचपला. पाकीट जसंच्या तसं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ती नेहमीची दुखावलेली छटा कुठेच नव्हती. "काही गेलंच नाही," ते म्हणाले. मंडईतून परत येताना कोथिंबिरीसाठी मात्र त्यांनी नेहमीइतकीच हुज्जत घातली.

मग आमच्याकडे वस्तू येत गेल्या. इस्त्री आली. मिक्सर आला. मला वॉकमन आला आणि दोन रेडिमेड ड्रेस आले, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही, मी हरखून गेले होते. चाकांची मोठी सूटकेस आली. आम्हाला कुठे जायचं होतं? तिरुवैयारूला, बसने, पाऊण तास? तीत पुढे गाद्यांच्या खोळी राहिल्या. अप्पा किंमत विचारायचेच नाहीत असं नाही, विचारायचे, पण ते "बरं" इतक्या सहज म्हणायचे की मला ते कुणी दुसरेच गृहस्थ वाटायचे. नोट देताना त्यांच्या अंगठ्याला जे कळायचं, ते सही करताना त्यांच्या पेनाला कळत नव्हतं.

दर महिन्याला बिल यायचं तेव्हा घरात एक दिवस सुतकी शांतता असायची. अप्पा कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे, मग लांब धरून वाचायचे, लांबून आकडा कमी दिसेल अशा आशेने. पैसे भरून यायचे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "काही गेलंच नाही."

ह्या सगळ्यात वीणेचे पैसे वेगळे होते. ते आईने घरखर्चातून वाचवून तेलाच्या रिकाम्या डब्यात साठवले होते आणि डबा बाळकृष्णाशेजारी ठेवला होता. त्या वर्षी पावसाळ्याआधी ते वीणेच्या पेशगीपुरते झाले. गावात वीणा करणारे आसारी होते, म्हणजे सुतारच, पण फक्त वीणेचे. त्यांच्यातल्या एकाकडे जाऊन आई फणसाचं लाकूड पसंत करून आली होती. त्याने सांगितलं, पेशगी द्या, लाकूड कापायला घेतो, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. डबा रात्रभर पाटाशी निजला. सकाळी अप्पांनी विचारलं, "घेऊं का नको?"

आई पहिल्यांदाच म्हणाली, "घेऊं या."

मला आठवतं, ती लाजली होती. पन्नाशीला आलेली माझी आई नव्या नवरीसारखी लाजली आणि लगेच चुलीकडे वळली.

अप्पा आणि मी निघालो. दारात अप्पा थांबले आणि म्हणाले, डबा राहू दे. कार्ड असताना रोख कशाला द्यायची? पेशगी कार्डावर देऊ, डब्यातले पैसे दीड महिना बँकेत ठेवू, वर चार पैसे सुटतील, वीणेच्या खोळीचे होतील. आईने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले, कारण मलाही ते हुशारीचंच वाटलं.

आसाऱ्याचा कारखाना म्हणजे ओसरीवर पडलेले फणसाचे पिवळे ओंडके, पटाशा आणि भुसा. अप्पांनी ऐटीत कार्ड पुढे केलं. त्याने हात लुंगीला पुसले, ते घेतलं, उलटंपालटं केलं आणि तमिळमध्ये विचारलं, "साहेब, तुमचं ऑफिस कुठे आहे?" त्याला ते भेटीचं कार्ड वाटलं होतं. अप्पांनी खुलासा केला. तो ऐकत राहिला, मग त्याने कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. रोख घेऊन या, लाकूड दोन दिवस थांबवतो, म्हणाला.

आता सरळ घरी जायचं, डबा घ्यायचा आणि परत यायचं. अर्ध्या तासाचं काम. पण अप्पांचा अपमान झाला होता. आणि आज बायकोसाठी मोठा खर्च करायचा असा निश्चय करून ते घराबाहेर पडले होते. तो निश्चय त्यांच्या अंगात तसाच उरला होता. वाटेत काचेच्या दाराचं दुकान लागलं. मुलाने दार उघडून धरलं, "या सर."

आम्ही घरी आलो ते फ्रिज घेऊन.

तीनचाकी टेम्पोतून तो उतरवला. स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून हॉलमध्ये ठेवला. शेजारी स्टॅबिलायझर, तो दर पाच मिनिटांनी टक् करायचा. अप्पा म्हणाले, "तुझ्यासाठींच घेतला. रोज दोनदां दूध तापवाला नको. बोटांना आराम." हे ते अगदी मनापासून म्हणाले, आणि तेच वाईट होतं. लबाडी असती तर भांडता आलं असतं.

आई म्हणाली, "बेष अहे." आणि दह्याचं भांडं आत ठेवलं. डबा घेऊन आसाऱ्याकडे परत कुणी गेलं नाही, फ्रिजचं बिल यायचं होतं.

बिल आलं तेव्हा बँकेत तेवढे पैसे नव्हते. अप्पांनी तेलाचा डबा उतरवला. आसाऱ्याने ते लाकूड केव्हाच दुसऱ्याला दिलं होतं. आई रडली नाही. फक्त त्या रात्रीच्या जेवणाला मी तिच्या हाताकडे बघितलं. डावा हात ताटाच्या काठावर होता आणि बोटं हलत नव्हती. नंतरही कितीतरी दिवस ती हलली नाहीत. मला त्याची इतकी भीती वाटली की मी वॉकमन कपाटात टाकून दिला. त्याने काही होणार नव्हतं, पण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, आणि नवव्या दिवशी सरस्वतीची पूजा. त्या दिवशी घरातली सगळी साधनं देवीपुढे ठेवायची. पुस्तकं, पेन, विळी, कात्री, ज्याचं जे पोटापाण्याचं आणि विद्येचं असेल ते. त्यांना चंदन-कुंकू लावायचं. एकदा ठेवलं की हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, चिरायचं नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा पूजा करून देवीकडून एकेक वस्तू उचलायची, आणि उचलली की लगेच तिचा वापर करायचा. मुलांनी एक पान वाचायचं, अप्पांनी सही करायची. बाकी सगळ्या पूजा अप्पांच्या, पण सरस्वती आमच्या घरात बायकांची. ठेवायचं आईने, उचलून द्यायचंही आईने. तिने उचलून दिल्याशिवाय वस्तू देवीची.

त्या वर्षी अप्पांनी पेन आणि हिशेबाची पट्टी दिली, आणि खिशातून कार्ड काढून तेही दिलं. "हेंही आयुधच," ते हसून म्हणाले. आईने ते घेतलं, अगदी मधोमध ठेवलं आणि त्यावर चंदनाचा चांगला जाड टिळा लावला. शेजारी तिने नेहमीप्रमाणे स्वतःचं ठेवलं, जुन्या तारांचं भेंडोळं.

विजयादशमीच्या सकाळी तिने पूजा केली. माझी पुस्तकं उचलून दिली, मी एक पान वाचलं. अप्पांना पेन दिलं, त्यांनी सही केली. विळी उचलली, भोपळ्याची एक फोड चिरली. मग ती पदराला हात पुसत उठली.

अप्पा म्हणाले, "अगे, तें राहिलं."

"काय?"

"कार्ड."

"तें निजलं अहे," आई म्हणाली. "निजूं दे."

"किती वेळ?"

"तुम्ही म्हणालां ना, ते लोक पुष्कळ दिवस निजवतात म्हणून. निजूं दे की. कां उठवाला?"

अप्पा हसले. मग ते हसायचे थांबले. आई स्वयंपाकघरात गेली होती. मंगळवारी दाढी न करणारा, पंचांग न बघता गावी न जाणारा माणूस सरस्वतीपुढची, तिने उचलून न दिलेली वस्तू कशी उचलणार? सगळं घर त्यांच्या मालकीचं होतं, आणि तो एक हातभर पाट नव्हता. मी पुस्तकात तोंड खुपसून इतकी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी मला कळलं की माझी आई ह्या घरातला सगळ्यात हुशार माणूस आहे.

बाहुल्या पेटीत गेल्या. पायऱ्या मोडल्या. सरस्वतीची तसबीर आणि तिच्यापुढचं कार्ड आईने तसंच पाटासकट उचलून देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. रोज सकाळी त्यावर एक फूल पडायचं. आमच्याकडे आलेल्या एका मामींनी तर त्याला नमस्कारही केला.

सुरुवातीला अप्पांनी खूप युक्त्या केल्या. देवघर साफ करायचं निमित्त काढलं. शास्त्र काय सांगतं ते पुरोहितांना विचारून आले. पुरोहितांनी सांगितलं, जी बाई ठेवते तीच उचलते, आणि वर दक्षिणा घेतली. कचेरीतल्या कुणाकडे रंगीत टीव्ही आला त्या संध्याकाळी ते कोनाड्यासमोर हात मागे बांधून कितीतरी वेळ उभे होते. मला त्यांची दया आली. आई मागून आली, दिवा लावला आणि म्हणाली, "रोख निजवा. सकाळीं पुसूं." त्यांनी टीव्हीचे पैसे बँकेतून काढले, पाटाखाली ठेवले. सकाळी विचारलं. कुणी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "इतकं अस्कं त्या टीव्हीच्या डब्याला द्यायचं?" आणि पैसे उचलून आत नेले.

हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ती दुखावलेली छटा परत आली. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला ती बघून बरं वाटलं. माझे जुने अप्पा परत आले होते, नोट चाचपणारे. जुनी बिलं फिटली. तेलाचा डबा पुन्हा वाजायला लागला, मग वाजेनासा झाला, भरला. एका रविवारी अप्पांनी तो पाटाशी ठेवला. सकाळी त्यांनी "घेऊं का नको" विचारलंच नाही. मी उठले तेव्हा ते डबा पिशवीत घालून, सायकलवर बसून आसाऱ्याकडे गेले होते. परत आले ते कपाळभर घाम आणि केसांत भुसा घेऊन. त्यांनी स्वतः लाकूड ठोकून बघितलं म्हणे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पुढच्या सरस्वतीपूजेला वीणा घरात होती. फणसाच्या लाकडाची, मधाच्या रंगाची. आईने ती देवीपुढे आडवी ठेवली, वर्षभर तिथेच असलेल्या कार्डाच्या शेजारी, आणि दिवसभर तिला हात लावला नाही. लावायचा नसतोच. पण डावा हात ताटाच्या काठावर चालत होता.

विजयादशमीला तिने सगळ्यात आधी कार्ड उचललं आणि अप्पांच्या हातात दिलं. "घ्या. उठलं."

अप्पांनी त्यावरचं वाळलेलं चंदन नखाने खरवडलं. तारीख वाचली. "मुदत संपली," म्हणाले. पहिलं वर्ष फुकट होतं तेही संपलं होतं, आणि फुकट नाही म्हटल्यावर अप्पांचं त्या कार्डावरचं प्रेमही संपलं. त्यांनी ते हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातलं. अगदी मापात बसलं.

मग आईने वीणा उचलली. हॉलमध्ये चटईवर बसली, कारण बाकी कुठे जागाच नव्हती. तारा जुळवल्या. तिच्या बोटांवरचे जुने घट्टे कधीच विरून गेले होते, तार कातडीत रुतत होती. लहान मुलांना शिकवतात ते पहिले सरळ स्वर तिने घेतले. एकदा, दोनदा. मधेच एक बोट वेळेवर पोचलं नाही. ती थांबली. मान कलती करून ऐकू लागली. पुन्हा षड्ज छेडला, पुन्हा थांबली. शेजारी फ्रिज घुं करत होता, तिच्या स्वराच्या जरासा खाली, सतत. तिला स्वर सापडत नव्हता. खुंटी पिळून तीच आपला स्वर फ्रिजच्या स्वराशी जुळवायला लागली.

अप्पा दाराशी उभे होते. बिल भरताना वर्षभर हळहळलेले, आम्हाला फ्रिजचं दार उघडं ठेवून विचार करू न देणारे, दुधाचा एक थेंब सांडला तर दिवसभर कुरकुरणारे माझे अप्पा. ते आले आणि भिंतीतून फ्रिजची पिन उपटून काढली. स्टॅबिलायझरने शेवटचं टक् केलं. घर एकदम रिकामं झालं.

"अहो, आंत दूध अहे," आई म्हणाली.

"नासूं दे," अप्पा म्हणाले, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. "तूं वाजव."

ती वाजवत राहिली. बोटं लाल होईपर्यंत तेच ते पोरांचे सरळ स्वर, आणि शेवटी शेवटी त्यातला एखादा अगदी तिरुवैयारूचा. पिन पुन्हा लावायची कुणालाच आठवण झाली नाही. संध्याकाळी दूध नासलं. अप्पांनी ते स्वतः नेऊन मोरीत ओतलं, आणि भांडं विसळून पालथं घातलं.